नागपूरच्या हवेत फिश टँक: पाणी आणि तापमान सांभाळण्याची रीत

फिश टँकविषयीची बरीचशी माहिती थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यात तापमानाचा विषय निघाला की तो हीटरपासून सुरू होतो आणि हीटरपाशीच संपतो. नागपुरात हीटर लागतो तो वर्षातले जेमतेम अडीच महिने. उरलेल्या काळात, आणि विशेषतः एप्रिलपासून नवतपा (मे अखेरीपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत, पाणी गरम कसे करावे हा प्रश्न नसतो, ते थंड कसे ठेवावे हा असतो. या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दोन्ही टोके पाहिलेल्या गावात मासे पाळायचे असतील, तर बाहेरचे नियम जसेच्या तसे उचलून चालत नाही. मात्र ज्या कोरड्या हवेमुळे आपला उन्हाळा असह्य होतो, तीच हवा टँक थंड ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. त्या साधनाची किंमत पाण्यातल्या क्षारांच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती कशी आटोक्यात ठेवायची हेही पुढे सांगितले आहे.

उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा टँक धरला आहे. तो काठोकाठ भरला तर सुमारे ५४ लिटर पाणी मावते. रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर पाणी राहते. यापेक्षा लहान टँक नवशिक्याने घेऊ नये. काचेचे गोल भांडे तर मुळीच घेऊ नये, कारण थोडे पाणी दुपारी लवकर तापते आणि पहाटे लवकर निवते.

जागा

टँक भरल्यावर तो हलवता येत नाही, म्हणून जागा आधी ठरवावी. पाणी, रेती आणि काच मिळून या आकाराच्या टँकचे वजन ६५ ते ७० किलोंच्या घरात जाते, तेव्हा स्टँड भक्कम आणि पाणसळीत असावा. पश्चिमेकडची भिंत टाळावी, कारण दुपारभर तापलेली ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी स्लॅबखालच्या खोलीऐवजी घरातली सर्वांत थंड खोली निवडावी, मग ती दिवाणखाना नसली तरी चालेल. खिडकीतून येणारे थेट ऊन कोणत्याही ऋतूत नको. त्याने पाणी तापते आणि शेवाळही वाढते.

आपले पाणी ओळखणे

नागपूरला नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. अनेक घरांत त्याच्या जोडीला विहीर किंवा बोर असते, आणि कित्येक फ्लॅट स्कीममध्ये दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत मिसळते. त्यामुळे ‘नागपूरचे पाणी’ असे एकच एक काही नसते. शेजारच्या इमारतीतले मासे मजेत आहेत म्हणून आपलेही राहतील, हे गृहीत धरू नये.

पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचे माप), कठीणपणा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) एकदा मोजून घ्यावेत. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. पीएच आणि कठीणपणा मोजण्यासाठी कागदी पट्ट्यांपेक्षा थेंब टाकून तपासण्याचे किट घ्यावे, कारण ते अधिक भरवशाचे असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत आणि एकूण कठीणपणा २०० पर्यंत असणे इष्ट मानले जाते. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत पाणी चालवून घेतात. माणूस पिऊ शकतो ते प्रत्येक माशाला मानवतेच असे नाही. बोरचे कठीण पाणी गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना चांगले मानवते, तर निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मऊ पाणी लागते. अशा वेळी पाणी बदलण्याचा आटापिटा करण्यापेक्षा आपल्या पाण्यात रमेल तो मासा आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पीएच खाली आणण्याची औषधे कठीण पाण्यात दोन दिवस परिणाम दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी पीएच पुन्हा जुन्या जागी येतो. माशाला ७.८ चा स्थिर पीएच जितका सोसतो, तितका ७ आणि ८ यांच्यामधला हा झोका सोसत नाही.

फक्त आरओचे पाणी भरणे हीसुद्धा चूकच आहे. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच सावरून धरणारे काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. मऊ पाणी हवेच असेल तर नळाच्या पाण्यात निम्मे आरओचे मिसळावे. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र टँकमध्ये कधीही घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

क्लोरीन काढणे

नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते आणि फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही मारते. बादलीत भरलेले पाणी एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून चोवीस तास ठेवले तर मुक्त क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब आणि फोटोग्राफीवाल्यांचा ‘हायपो’ यांतला मुख्य पदार्थ बहुधा हाच असतो. घरी द्रावण करायचे असल्यास सात ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवावेत. या द्रावणाचे १० मिलिलिटर दहा लिटरच्या बादलीतले, लिटरमागे १ मिलिग्रॅम इतके क्लोरीन निष्प्रभ करायला पुरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते आणि नळाला क्लोरीनचा वास जाणवतो, तेव्हा मात्रा दुप्पट करावी. द्रावणाची ताकद कालांतराने कमी होते, म्हणून ते दर महिन्याला ताजे करावे.

मासे आणण्याआधीचे सहा आठवडे

नवा टँक भरून त्याच संध्याकाळी मासे सोडणे, हे नवशिक्याचे मासे मरण्याचे सर्वांत मोठे कारण असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि रेतीवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात फिल्टर चालू ठेवावा, रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना अमोनिया पुरवावा आणि आठवड्यातून दोनदा किटने तपासणी करावी. अमोनिया आधी चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टँक तयार झाला असे समजावे. ओळखीतल्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

तापमानाचा या सगळ्याशी थेट संबंध आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातले मुक्त अमोनियाचे रूप घातक असते. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का या रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो, आणि त्याच पाण्याचे तापमान ३५ अंशांवर गेले की सुमारे दहा टक्के होतो. म्हणजे जानेवारीत जो थोडासा अमोनिया मासे निभावून नेतात, तोच मे महिन्यात कठीण पाण्यात त्यांचा जीव घेतो. त्यात ऑक्सिजनचीही भर पडते: २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना तो सातच्या आसपास येतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते.

उन्हाळा

एप्रिल उजाडला की पहिले काम मोजण्याचे. टँकला थर्मामीटर लावून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तापमान वहीत लिहावे. टँक हळूहळू तापतो, त्यामुळे त्याचे सर्वाधिक तापमान भर दुपारी नव्हे, तर संध्याकाळी दिसते. गप्पी, मॉली आणि एंजल यांच्यासाठी २४ ते २८ अंश योग्य असतात. ३० ला सावध व्हावे, आणि ३२ च्या वर पाणी दिवसचे दिवस राहू देऊ नये. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा आहे, त्याला १८ ते २२ अंश हवेत. ज्या घरात चोवीस तास एसी चालत नाही, तिथे गोल्डफिश आणू नये. दुकानात तो सर्वांत आधी डोळ्यांत भरतो हे खरे, पण आपल्याकडचा मे महिना त्याला पेलत नाही.

पाणी थंड करण्याचा उत्तम उपाय पंखा हा आहे. कूलर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हाही चालतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त. बारा व्होल्टचा संगणकाचा छोटा पंखा अ‍ॅडाप्टरला जोडून टँकच्या कडेला असा बसवावा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा सरकेल. काचेवर वारा मारून फारसे काही साधत नाही. वरचे काचेचे झाकण काढून तिथे मच्छरदाणीची जाळी ताणून लावावी, म्हणजे मासे उड्या मारून बाहेर पडणार नाहीत. साध्या पंख्याने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. २९ अंशांना चालू आणि २८ ला बंद होणारा डिजिटल कंट्रोलर जोडला तर रात्री पाणी गरजेपेक्षा जास्त निवण्याची भीतीही राहत नाही.

बर्फाचा मार्ग लोकांना अधिक खात्रीचा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. एक लिटर पाणी गोठवलेली बंद बाटली पन्नास लिटरच्या टँकमध्ये पूर्ण वितळून पाण्याइतकी कोमट होईपर्यंत सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता घेते, म्हणजे टँकचे तापमान साधारण दोन अंशांनी उतरते. पंख्याने उडून गेलेले एक लिटर पाणी मात्र सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जाते, म्हणजे बर्फाच्या पाचपट, आणि तेही दिवसभर संथपणे. बर्फाची बाटली ही वीज गेल्यावरची आणीबाणीची सोय आहे. ती वापरायचीच झाली तर अर्ध्या लिटरची घ्यावी, एका वेळी एकच टाकावी आणि तासाभरात तापमान दोन अंशांहून अधिक उतरू देऊ नये. सुटे बर्फाचे खडे टाकू नयेत.

कूलर असलेल्या खोलीत टँक ठेवला तर खोली थंड राहण्याचा फायदा मिळतो, पण खिडकी बंद असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम निम्म्यावर येतो. कूलरसाठी समोरची खिडकी उघडी लागते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. टँकच्या पंख्यालाही तेच लागते. कूलरच्या टाकीतले पाणी मात्र माशांना कधीही देऊ नये. त्यात क्षार साचलेले असतात आणि कित्येकदा डासांच्या अळ्यांचे औषधही टाकलेले असते.

डासांवरून आणखी एक गोष्ट. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून डास मारण्याचा फवारा खोलीत मारला की तो पंपाच्या वाटेने थेट टँकमध्ये जातो. या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे माणसाला फारशी बाधत नसली तरी माशांना अत्यंत विषारी असतात. टँकच्या खोलीत फवारा वापरूच नये.

उन्हाळ्यात खाद्य नेहमीच्या निम्म्यावर आणावे, दिवा सहा-सात तासांपेक्षा जास्त लावू नये आणि एअर स्टोन रात्रंदिवस चालू ठेवावा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर ऑक्सिजन कमी पडला असे समजावे आणि अमोनियाही लगेच तपासावा.

भर घालणे आणि पाणी बदलणे यांतला फरक

पंख्याची किंमत इथे मोजावी लागते. मे महिन्यात पन्नास लिटरच्या टँकमधून रोज लिटरभर पाणी सहज उडते. उडते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० आहे आणि महिनाभर रोज एक लिटर तेच पाणी वरून घातले, तर तीस दिवसांत ९,००० मिलिग्रॅम क्षार टँकमध्ये जमा होतात आणि टीडीएस ३०० वरून ४८० वर जातो. बोरचे ८०० टीडीएसचे पाणी असेल तर तो महिन्यात १,२८० होईल. पातळी रोज सारखीच दिसत असल्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटत राहते.

म्हणून दोन कामे वेगळी ठेवावीत. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी. ते आदल्या दिवशी माठात भरून ठेवले तर थंडही मिळते. पाणी बदलताना मात्र आधी टँकमधले पाणी काढावे आणि मग तितकेच नवे पाणी भरावे. दर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या टँकमधले बारा लिटर, हे प्रमाण बारा महिने चालते. उन्हाळ्यात मी ते दोन भागांत करतो, रविवारी सहा आणि गुरुवारी सहा लिटर, म्हणजे तापमानाला एकदम धक्का बसत नाही.

पाणी काढताना सायफनचे तोंड रेतीत खुपसून खालची घाण ओढून घ्यावी. सायफन तोंडाने ओढू नये, दाबण्याचा फुगा असलेला घ्यावा. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोन-तीनदा पिळावा; नळाखाली धुतला तर सहा आठवड्यांची जिवाणूंची वस्ती मिनिटभरात संपते. सगळे पाणी फेकून टँक घासून चकाचक करण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. ती मोडावी.

नव्या पाण्याचे तापमान टँकच्या पाण्यापासून एक-दोन अंशांच्या आतच असले पाहिजे. पहिल्या उन्हाळ्यात मी मे महिन्यातल्या दुपारी चार वाजता नळ सोडून थेट बादली भरली आणि हात न लावताच ती टँकमध्ये ओतली. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले ते पाणी अंघोळीलाही सोसवले नसते. तीन मॉली दहा मिनिटांत उलट्या झाल्या. तेव्हापासून एप्रिल ते जून पाणी पहाटे पाचच्या सुमारास, नळाची पहिली दोन गुंडे सोडून देऊन, झाकणाच्या ड्रममध्ये भरतो, त्यात थायोसल्फेट घालतो, आणि संध्याकाळी थर्मामीटर दोन्हीकडे बुडवून पाहिल्यावरच बदलतो.

वीज गेली तर

वादळी पावसात तास-दोन तास वीज जाणे इथे नवे नाही. पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप घरी असावा. तो नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून हातभर उंचीवरून परत सोडावे. या काळात खाद्य देऊ नये. बंद डब्याचा फिल्टर चार-पाच तास थांबला असेल तर आतले जिवाणू ऑक्सिजनविना मरू लागतात, म्हणून तो सुरू करण्याआधी आतले पाणी फेकून स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्यावा.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते आणि पंखा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, पण तोवर बाहेरचे तापमानही उतरलेले असते. या दिवसांत लक्ष क्लोरीनकडे आणि नळाच्या गढूळपणाकडे द्यावे. पाणी गढूळ आले तर बदल दोन दिवस पुढे ढकलावा. गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी वापरू नये.

हिवाळा आणि हीटर

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या काही रात्री दहा अंशांखाली उतरतात. बंद खोलीतले पाणी इतके खाली जात नसले तरी १८-१९ अंशांपर्यंत येते, आणि दुपारी पुन्हा २४ ला पोचते. रोजच्या या चढउतारामुळे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात. हा रोग थंडीत दरवर्षी दिसतो. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने आपल्या टँकला पन्नास वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. तो २५ अंशांवर लावावा आणि फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवावा. त्याच्या तबकडीवरच्या आकड्यावर विसंबू नये, थर्मामीटर वेगळाच पाहावा, कारण थर्मोस्टॅट बिघडून हीटर चालूच राहिला तर रात्रभरात टँक उकळल्यासारखा होतो. गरजेपेक्षा मोठ्या वॉटचा हीटर घेऊ नये तो याचसाठी. वायर सॉकेटच्या पातळीखाली झोका घेऊन मग वर जाईल अशी सोडावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकते. पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटे हीटर बंद करावा, नाहीतर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. टँकमध्ये हात घालण्याआधी तर प्लगच काढावा.

मला माझा पहिला हीटर दुकानदाराने मे महिन्यात विकला होता आणि मी तो घेतलाही. तो दिवाळीनंतरच्या थंडीत पहिल्यांदा लागला.

फेब्रुवारी सरत आला आणि पहाटेचे तापमान आठवडाभर २३ अंशांच्या वर राहिले की हीटर काढावा, व्हिनेगर लावून त्यावरचा पांढरा क्षार पुसावा, धुऊन कोरडा करावा आणि डब्यात ठेवावा. त्याच दिवशी पंखा बाहेर काढावा, धूळ झाडून तासभर चालवून पाहावा आणि फिरत नसेल तर मार्च संपण्याआधी नवा आणावा.